मेणाचा बोळा

काजळीच्या खाडीत डुबी मारून वाळू काढणाऱ्या आमच्या माणसांत एक समज होता. डुबीवाल्याचा कान एकदा फुटला पाहिजे. कान फुटून वाहिल्याशिवाय माणूस खोल पाण्याचा होत नाही. एकदा फुटला की आतला दाब निघून जातो, मग कितीही खाली जा, डोकं दुखत नाही. हे आम्हाला धोंडूने सांगितलं होतं. धोंडूचे दोन्ही कान तरुणपणी फुटले होते आणि आपोआप बरे झाले होते. साठीला आला तरी त्याला होडीच्या दुसऱ्या टोकाला कोणी कुजबुजलेलं ऐकू यायचं. त्यामुळे त्याचं म्हणणं खरं की खोटं हे विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही.

धोंडू माझ्यापेक्षा थोडा मोठा. वाडीतली सगळी पोरं त्याला मामा म्हणायची. त्याच्या होडीवर मी बादली ओढायचो. काम असं असायचं. होडी खाडीच्या मध्यावर न्यायची आणि लांब बांबू तळात रोवायचा. डुबीवाला बांबूला धरून लोखंडी बादली घेऊन खाली उतरायचा. खाली काळोख. खाडीचं पाणी इतकं गढूळ की स्वतःचा हात दिसत नाही. पायाने वाळू चाचपायची, बादली भरायची आणि दोराला हिसका द्यायचा. मी वरून बादली ओढायची आणि त्याने बांबू धरून वर यायचं. पावसाळा सोडला तर दिवसभर हेच. त्या वर्षांत मुंबईच्या कमाईवर गावोगाव चिऱ्याच्या घरांना स्लॅब पडू लागले होते. हातखंब्याकडून ट्रक यायचे आणि आमच्या धक्क्यावर रांग लावायचे. वाळू कितीही काढली तरी कमीच पडायची.

जानू हा धोंडूचा भाचा, सोनूबाईचा एकुलता एक मुलगा. सोनूबाईचा नवरा मुंबईला गोदीत होता, तो तिथेच वारला. जानूही मुंबईला जाऊन आला होता. काही महिने कुठल्याशा कारखान्यात राहिला आणि परत आला. का आलास म्हणून विचारलं तर सांगायचा, तिथे खोलीत इतकी माणसं झोपतात की श्वास घ्यायला जागा नाही, त्यापेक्षा आपला श्वास पाण्याखाली बरा चालतो. खरंच चालायचा. बाकीचे वर येऊन धापा टाकत असायचे, आणि जानू अजून खालीच. सुकती लागली, म्हणजे ओहोटीचं पाणी समुद्राकडे ओढायला लागलं, की इतर होड्या काम थांबवायच्या. जानू तेव्हाही एखादी बादली जास्त काढायचा. बांबूवर हात ठेवून उभ्या असलेल्या धोंडूचा चेहरा बघितला की कळायचं. त्याला मुलगा नव्हता.

मार्गशीर्षात एकदा जानू वर आला तेव्हा त्याच्या मानेवरून रक्ताची बारीक धार गळत होती. डावा कान फुटला होता. तो कान धरून कळवळत होता, आणि आम्ही हसत होतो. ती रीतच होती. धोंडूने होडीच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फोडला, पाणी खाडीत सोडलं, खोबरं वाटलं. त्यानंतरची पहिली बादली विकायची नसते. तिला कानाची बादली म्हणायचे. ती त्या माणसाच्या अंगणात नेऊन ओतायची. भिकाजी आमचा होडी चालवणारा, त्याच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं. तो म्हणाला, "आता लगीन करायला हरकत नाय. कान फुटलेला नवरा बायकोचं ऐकत नाय, संसार सुखाचा होतो."

सोनूबाईच्या अंगणात तुळशीच्या बाजूला त्या वाळूचा लहानसा ढीग पडला. तिने त्याच्याभोवती नुसता झाडू फिरवला. ढीग तसाच राहू दिला.

बाकीच्यांचे कान फुटायचे, काही दिवस वाहायचे आणि सुकायचे. जानूचा सुकला नाही. पौष गेला, माघ गेला, तरी उशी ओली व्हायची. आधी पाण्यासारखं यायचं, मग पिवळं झालं, मग त्याला घाण यायला लागली. सोनूबाई भावाकडे आली आणि म्हणाली की रत्नागिरीत कानाचे डॉक्टर आहेत म्हणतात, पोराला एकदा दाखवून आणूया. धोंडूने तिला समजावलं. कान वाहतोय तोवर काळजी नाही, आतली घाण बाहेर जाते आहे. घाण आत राहिली तर वाईट. तो हे बोलला तेव्हा मी तिथेच पडवीत बसलो होतो. त्याचं बोलणं मला पटलं. सोनूबाईलाही पटलं असावं, कारण ती चहा पिऊन गेली.

पण डुबी मारायची तर वाहत्या कानात पाणी जातं आणि कळ डोक्यात उठते. त्यावर धोंडूचा उपाय होता. कड्यावरच्या आग्या माश्यांच्या पोळ्यातलं मेण तो खोबरेल तेलात मळून ठेवायचा. होडीच्या नाळीत एक करवंटी असायची, तिच्यात ते मेण. सकाळी उतरण्याआधी त्यातली गोळी काढायची, मुठीत ऊब द्यायची, कापसात गुंडाळायची आणि अंगठ्याने कानात दाबून बसवायची. मेणाचा बोळा नीट बसला की पाण्याचा थेंब आत जात नाही. हे काम धोंडू दुसऱ्या कोणाला करू द्यायचा नाही. प्रत्येकाचा कान त्याच्या अंगठ्याला ठाऊक होता. संध्याकाळी धक्क्यावर आलं की बोळा काढून टाकायचा, असा त्याचाच नियम.

जानूने तो काढणं सोडलं. कारण साधं होतं. कानाला इतकी घाण यायला लागली होती की पारावर तो बसला की माणसं थोडी सरकून बसायची. कोणी काही बोलायचं नाही, नुसतं सरकायचं. तो चोवीस वर्षांचा होता, त्याला ते कळत होतं. बोळा असला की वास कोंडलेला राहायचा. म्हणून तो बोळा घालूनच जेवायचा आणि बोळा घालूनच झोपायचा. सकाळी जुना काढून धोंडू नवा बसवायचा. वाहतोय तोवर बरं, असं धोंडूच म्हणाला होता, आणि वाहण्याची वाट धोंडूच बंद करत होता. या दोन गोष्टी एकमेकीला छेद देतात हे आमच्यापैकी एकालाही दिसलं नाही. दोन्ही त्याच्याच तोंडून आल्या होत्या, म्हणून दोन्ही बरोबर वाटल्या.

वैशाखात जानूला ताप येऊ लागला. डोकं दुखायचं. डाव्या कानाच्या मागे सूज आली आणि ती इतकी वाढली की कानाची पाळी पुढे ढकलल्यासारखी दिसायला लागली. भिकाजी त्याला म्हणाला की एक कान हत्तीचा झाला, आता दुसराही येऊ दे म्हणजे गणपतीत उभा करू. जानू हसला, पण हसताना त्याने डोकं धरलं. धोंडूने सूज चाचपली आणि बेंड आहे म्हणून सांगितलं. कांदा भाजून हळद घालून त्याचं पोटीस बांधलं. सोनूबाई पुन्हा आली. या वेळी ती पडवीत बसली नाही, अंगणातच उभी राहिली. तिचं म्हणणं एवढंच होतं की बेंड अंगावर कुठेही होतं, पण त्याने माणसाची जेवणावरची वासना जात नाही. धोंडू म्हणाला, "सोनू, मी काय त्याचा वैरी हाय? पाऊस तोंडावर आलाय. एवढा महिना जाऊ दे, मंग मी स्वतः नेतो त्येला."

तो महिना आता आठवला की वाटतं, पाऊस त्या वर्षी आधी आला असता तर.

थोड्या दिवसांनी एका सकाळी सूज उतरली. रात्रीत गेली. कान आपल्या जागी आला. ताप होता, पण जानू म्हणाला की ठणका थांबला. धोंडूला इतका आनंद झाला की त्याने सोनूबाईच्या दारात जाऊन तिला बाहेर बोलावलं आणि पोराचा कान दाखवला. बघ, म्हणाला, तुला उगाच घोर लागला होता. सोनूबाईने कानामागे हात फिरवला. तिलाही बरं वाटलं. तिने त्या दिवशी जानूला पेज वाढली आणि तो ती सगळी जेवला.

मग तो कामावर आला. चालताना थोडा बाजूला जात होता. मला वाटलं, तापाची कमजोरी. धोंडूने त्याच्या कानात बोळा बसवला. जानू बांबू धरून खाली गेला.

पहिल्या बादलीला हिसका आला. मी ओढली. जानू वर आला, पण होडीच्या कडेला न येता तो हातभर लांब निघाला आणि चाचपडत परत आला. भिकाजीने विचारलं, घेतली का रे सकाळीच. जानू पुन्हा खाली गेला. या वेळी दोर सैल पडला. मी थांबलो. हिसका येत नव्हता. बांबू हातात धरून बघितला, तो हलत नव्हता. म्हणजे खाली त्याला कोणी धरलेलं नव्हतं. मी धोंडूकडे पाहिलं. त्याने विचारलंसुद्धा नाही, होता तसा उतरला. किती तरी वर्षांत तो पाण्यात गेला नव्हता.

नंतर त्याने सांगितलं की जानू तळाशी सापडला, पण बांबूपासून लांब. तो वर येण्यासाठी हात मारत होता आणि वाळूतच घुसत होता. वर कुठे आणि खाली कुठे, हेच त्याला कळत नव्हतं. काळोख्या पाण्यात डुबीवाल्याला वरची बाजू डोळ्यांनी दिसत नसते. ती अंगातच कुठेतरी कळत असते. त्याच्या अंगातलं ते कळणं गेलं होतं. धोंडूने त्याला केसांना धरून वर काढलं.

होडीत घेतल्यावर त्याला उलट्या सुरू झाल्या. डोळे एका बाजूला झटके देत होते, जसे चालत्या गाडीतून झाडं मोजणाऱ्याचे देतात. आणि तोंड वाकडं झालं होतं. डावी बाजू हलत नव्हती, पाणी त्या कोपऱ्यातून गळत होतं.

धक्क्यावर माणसं जमली. भिकाजी म्हणू लागला की सुकतीच्या पाण्यातलं काही बाधलं, गुरवाला बोलवा, देवाला कौल लावून बघा. दोघे जण गुरवाकडे निघालेही. धोंडू ओल्या कपड्यांनी जानूचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या तोंडून हो निघालं नाही आणि नाहीही निघालं नाही. तेवढ्यात सोनूबाई धावत आली. तिने मुलाचं तोंड पाहिलं. रडली नाही. ती भावाला म्हणाली, "दादा, आता तू काय सांगू नको. तो ट्रक थांबव."

वाळू भरलेला ट्रक निघायच्या बेतात होता. त्याच्यावर ओल्या वाळूतच आम्ही जानूला झोपवला आणि रत्नागिरीला निघालो. सोनूबाई, धोंडू आणि मी.

डॉक्टर सप्रे कानाचेच डॉक्टर होते. दवाखान्यात गर्दी होती, पण त्यांनी जानूला बघताच बाकीच्यांना थांबायला सांगितलं. त्यांनी कानात बॅटरी मारली आणि विचारलं, आत काय घातलंय. धोंडूने लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. तो सांगू लागला की मेण आहे, खोबरेल तेलात मळलेलं, आपणच बसवतो, पाण्याचा थेंब जात नाही. चांगला सुतार आपल्या हातचा सांधा दाखवताना बोलतो तसा तो बोलत होता. डॉक्टरांनी चिमटा घेतला आणि बोळा हळूच ओढला. बाहेर आला तेव्हा त्याच्यावर धोंडूच्या अंगठ्याचा खळगा तसाच होता. त्यामागून पू आला. तो येतच राहिला. दवाखान्यातल्या बाईंनी खिडकी उघडली.

डॉक्टरांनी कानामागे बोट दाबून बघितलं, जानूची मान वाकवून बघितली. मान वाकत नव्हती. सूज कधी आली, कधी गेली, ते विचारलं. सोनूबाईने सांगितलं, आली होती पण आपोआप उतरली.

"उतरली नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. "आत गेली."

मग त्यांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. कानाच्या मागचं हाड भरीव नसतं. आतून ते मधाच्या पोळ्यासारखं असतं, लहान लहान कप्पे. कानातला पू त्या कप्प्यांत शिरला आणि हाड खात गेला. बाहेरच्या बाजूने वाट मिळाली नाही, तेव्हा आतल्या बाजूने गेला. तोंड हलवणारी नस तिथूनच जाते. तोल सांभाळणारा भाग तिथेच असतो. आणि त्याच्या पलीकडे मेंदू. पू तिथे पोचला असावा असं त्यांना दिसत होतं.

त्यांच्या कुठल्याही शब्दाने धोंडू हलला नव्हता, पण पोळं म्हटल्यावर तो हलला. पोळी त्याने जन्मभर पिळली होती. सडलेलं पोळं कसं दिसतं ते त्याला माहीत होतं.

मी डॉक्टरांना विचारलं की आमच्यात तर सगळ्यांचेच कान वाहतात. ते म्हणाले, "वाहतात. माझ्याकडे रोज येतात. औषधाने बरे होतात, काहींना लहानसं ऑपरेशन लागतं. असं होणं फार क्वचित. हजारात एखाद्याला. पण ज्याला होतं त्याच्याकडे मग वेळ नसतो." त्यांनी सुया टोचल्या, कोल्हापूरच्या इस्पितळात स्वतः फोन केला आणि गाडी बोलावली. इथे माझ्या हातात हे काम नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

हातखंबा, पाली, साखरपा, आणि मग आंबा घाट. जानूचं डोकं आईच्या मांडीवर होतं. घाटाच्या प्रत्येक वळणाला त्याला उलटी व्हायची. पुढे पुढे उलटी थांबली आणि तो नुसता झोपू लागला. सोनूबाई त्याला हाका मारून जागं ठेवत होती. बाबा, बघ मलकापूर आलं. बाबा, बघ उसाचे मळे. तिने ती गावं आधी कधी पाहिली नव्हती. मी मागून पाट्या बघायचो, पण मला तेव्हा वाचता येत नव्हतं. गाडीवाला नाव सांगायचा आणि ती मुलाला सांगायची. धोंडू पुढे बसला होता. त्याने मागे वळून एकदाही बघितलं नाही.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तपासून सोनूबाई आणि धोंडू या दोघांना बाजूला घेतलं. कानामागचं सडलेलं हाड कोरून काढावं लागेल, आणि त्याच वाटेने मेंदूच्या मागच्या भागातला पू बाहेर काढावा लागेल. त्या कानाने ऐकू येणार नाही. तोंड सुधारेल की नाही सांगता येत नाही. तोल जाईल. आणि हे केलं नाही तर मुलगा राहणार नाही. केलं तरी राहील याची हमी नाही. कागदावर अंगठा हवा होता. धोंडूने हात पुढे केला. नर्सने विचारलं, तुम्ही कोण. मामा, तो म्हणाला. ती म्हणाली, आई आहे ना, मग आईचा द्या. सोनूबाईने अंगठा दिला. धोंडूचा हात तसाच थोडा वेळ पुढे राहिला, मग त्याने अंगठा सदऱ्याला पुसला. त्याच्यावर शाई नव्हती.

दरवाजा बंद झाल्यावर आम्ही बाकावर बसलो. सोनूबाईने भावाला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं. तिच्या पिशवीत भाकरी होती, ती तिने तिघांत वाटली. त्याचा वाटाही दिला. त्याने खाल्ली नाही.

जानू वाचला. पुष्कळ दिवस तो शुद्धीवर येत जात होता, एकदा ताप पुन्हा चढला आणि पुन्हा पू काढावा लागला. पण वाचला. घरी सोडायच्या दिवशी धोंडूने मोठ्या डॉक्टरांना गाठलं. इतके दिवस त्याने काही विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "मी मेण लावलं नसतं तर?"

डॉक्टर थांबले. घाईत होते, पण थांबले. "ते मला सांगता यायचं नाही. मेण नसतं तरी झालं असतं, असंही असेल. पण सूज आली तेव्हाच आणला असतात, तर एवढं झालं नसतं. हे मात्र नक्की."

धोंडूला पहिल्या दोन वाक्यांचा आधार घेता आला असता. घरी आल्यावर लोकांनी तो त्याला दिलाही. मोठा डॉक्टर म्हणाला ना, मेण नसतं तरी झालं असतं. त्याने तो घेतला नाही. त्याने शेवटचंच वाक्य धरून ठेवलं.

आम्ही परत आलो तेव्हा पाऊस पडून गेला होता आणि तुळशीजवळचा वाळूचा ढीग पसरून गेला होता. सोनूबाईने उरलेली वाळू खरवडून टोपलीत भरली आणि खाडीत नेऊन टाकली. दोन-तीन खेपा घातल्या. धोंडू बांधावरून बघत होता. मी मदत करू काय म्हणून विचारलं तर तिने नको म्हटलं.

जानूचं तोंड हळूहळू सरळ झालं. आता हसताना थोडं ओढतं एवढंच. डाव्या कानाने ऐकू येत नाही. चालताना तो होडीवर उभं राहिल्यासारखा पाय फाकवून चालतो. उजेडात डोळे उघडे असले की चालतं. अंधार झाला किंवा डोळे मिटले की तो पडतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाण्यात पुन्हा कधीच नाही. तो धक्क्यावर ट्रकांकडे बघायला बसू लागला. कोणाची वाळू कुठे जाते ते लक्षात ठेवायचं आणि ट्रकवाल्यांशी भांडायचं, असं काम त्याला दिलं. भांडायला तो चांगला होता.

धोंडूने होडीवर येणं सोडलं. करवंटीतलं मेण त्याने फेकून दिलं. नव्या हंगामात पोरं त्याच्याकडे बोळा बसवून घ्यायला गेली तेव्हा त्याने एकेकाला सांगितलं की कान फुटू देऊ नका. दुखला की वर या. वाहू लागला तर पाण्यात उतरू नका, सप्रे डॉक्टरांकडे जा. कानात तेल नाही, मेण नाही, काही नाही. पोरं ऐकून घ्यायची. मामा म्हातारा झाला, घाबरला, असं बाहेर येऊन म्हणायची. मेण त्यांनी दुसरीकडून आणलं. कड्यावर पोळ्यांना काय तोटा.

दिवाळीनंतर केरूचा कान फुटला. केरू हा आमच्याच वाडीतला, जानूच्या बरोबरीचा, त्याच्या जागेवर होडीत आलेला. पोरं धक्क्यावर आली आणि वडील माणूस म्हणून नारळ फोडायला धोंडूलाच बोलवायला गेली. मी त्यांच्याबरोबर होतो. धोंडू तेव्हा सोनूबाईच्या विहिरीवर होता. तो रोज त्या वेळी तिथे असायचा, जानूच्या आंघोळीला. डोक्यावरून पाणी घेताना डोळे मिटावे लागतात आणि डोळे मिटले की जानू कोसळतो. म्हणून धोंडू त्याच्या खांद्याला धरून उभा राहायचा. सोनूबाईने त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं. नकोही म्हटलं नव्हतं.

पोरांनी आमंत्रण दिलं. धोंडू केरूला म्हणाला, "नारळ ठेव बाजूला. कपडे कर, आत्ताच्या एस्टीने रत्नागिरीला जाऊ. मी येतो बरोबर."

केरूने मानेवरचं रक्त पुसलं आणि हसला. "मामा, डॉक्टर बोल्ला ना, हजारात एकाला होतं? तो एक होऊन गेला. आता आमच्यात कोणाला होत नाय."

बाकीचेही हसले. त्यांच्या हिशेबात काही चूक नव्हती असंच त्यांना वाटत होतं. डॉक्टरांचं ते वाक्य मीच वाडीत सांगितलं होतं. लोकांना धीर यावा म्हणून सांगितलं होतं.

धोंडू जानूकडे वळला. त्याच्या उजव्या बाजूला जाऊन, ऐकू येईल असं म्हणाला, "तू तरी सांग त्येला. तुजं ऐकंल. तुजा कान मी घालवला. बोळा मी लावत होतो, आणि आई न्यायला सांगत होती तेव्हा मी अडवलं. सांग त्येला."

जानूच्या डोक्याला साबण होता. तो एक डोळा किलकिला करून म्हणाला, "मामा, तुमी बोळा लावत होतात म्हणून मी सुकतीलासुद्धा खाली जाऊ शकलो. पाणी मला कंदी लागलं नाय. त्या कोल्हापूरवाल्याने आत काय कापलं ते त्येलाच ठाऊक. तुमच्या कानांना काय झालं? काय नाय ना? मंग." मग तो केरूला म्हणाला, "जा रे, फोडा नारळ. पहिली बादली तुज्या अंगणात मी आणून ओततो."

पोरं गेली. मीही त्यांच्या मागे निघालो होतो, पण विहिरीच्या कठड्याजवळच थांबलो. धोंडूचे स्वतःचे दोन धडधाकट कान त्याच्याविरुद्ध साक्ष देत होते. ते बरे झाले नसते तर त्याचा शब्द कोणी मानला नसता, आणि आता तोच शब्द त्याला परत घेता येत नव्हता.

त्याने कळशी उचलली आणि जानूच्या डोक्यावर पाणी ओतलं. जानूने डोळे घट्ट मिटले. त्याचं अंग लगेच डावीकडे झुकलं आणि धोंडूच्या हाताने ते धरलं. धक्क्यावर नारळ फुटल्याचा आवाज आला, पोरांनी आरोळी दिली.

"फुटला काय?" जानूने विचारलं आणि आवाजाच्या दिशेने तोंड फिरवलं. एकाच कानाने ऐकणाऱ्याला आवाज कुठून आला ते कळत नाही. त्याने तोंड डोंगराकडे फिरवलं होतं.

"फुटला," धोंडू म्हणाला. त्याने खांदा सोडला नाही.